त्याला कळतं कसं?

आमच्या शेजारचा मुलगा बारावीला आहे, सायन्सला. परवा रविवारी पाऊस असा कोसळत होता की त्याचा क्लास ऑनलाइन झाला, आणि क्लास संपल्या संपल्या तो वही घेऊन आमच्याकडे आला कारण मी मायक्रोबायोलॉजी केलंय हे आख्ख्या मजल्याला माहीत आहे. वहीत बॅक्टेरियोफेजची, म्हणजे बॅक्टेरियात शिरणाऱ्या व्हायरसची, आकृती काढली होती आणि खरंच छान काढली होती, वर कोनाकोनाचं डोकं, खाली शेपूट, तिला सहा पाय, चांद्रयान उतरल्यासारखं दिसतं ना तसं. खाली क्रमाने लिहिलेलं: चिकटतो, डीएनए आत सोडतो, बॅक्टेरियाची यंत्रणा ताब्यात घेतो, स्वतःच्या प्रती काढतो, पेशी फोडून बाहेर येतो. उत्तरात एक अक्षर चुकीचं नाही. आणि मग तो म्हणाला, "ताई, पण त्याला कळतं कसं?"

मी म्हटलं, काय कळतं कसं? तर म्हणे हेच सगळं, की हा बॅक्टेरिया आपल्या कामाचा आहे, आता डीएनए सोडायचा, आता पुरे झाल्या प्रती, आता फोडायचं. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, तो धड जिवंत पण नाही असं मागच्याच पानावर लिहिलंय, मग?

त्या एका "मग?" वर आमचे दोन तास गेले, चहा दोनदा झाला, आणि तरी रात्री झोपताना मला आणखी काय काय आठवत राहिलं, म्हणून इथे लिहून काढतेय.

आधी नावाचंच बघा. बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज, म्हणजे बॅक्टेरिया खाणारा. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स द'एरेलने हे नाव दिलं, त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्टलाही हाच प्रकार सापडला होता. पण दोघांनाही फेज डोळ्याने दिसलेच नव्हते, दिसलं होतं ते एवढंच की काल इथे बॅक्टेरिया होते आणि आज नाहीत. म्हणून खाणारा. प्रत्यक्षात तो खात काहीच नाही, बाहेर असताना तर काहीच करत नाही, ना वाढतो ना हलतो, प्रोटीनच्या डबीत ठासून भरलेला डीएनए, बस. आपण मात्र "हल्ला करतो", "हायजॅक करतो", "ठरवतो" असं बोलत राहतो आणि मग पोरांना वाटतं की त्याच्या डोक्यात काहीतरी प्लॅन असणार.

मी पहिल्यांदा फेजचं काम पाहिलं ते टीवायला, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकल होतं, सांडपाण्यातून कोलाय-फेज, म्हणजे ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियाचा फेज, वेगळा काढायचा. ज्याने त्याने आपापलं सॅम्पल आणायचं होतं आणि मी घराजवळच्या नाल्यातून काचेची बाटली भरून, दोन पिशव्यांत गुंडाळून, मांडीवर घट्ट धरून लोकलने कॉलेजला नेली होती, लेडीज डब्यात सकाळच्या गर्दीत, आणि पूर्ण वेळ एकच धास्ती की झाकण सुटलं तर काय. लॅबमध्ये ते पाणी ई. कोलाय वाढवलेल्या पोषक द्रवात (ब्रॉथमध्ये) घालून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी सेंट्रिफ्यूज केलं, इतक्या बारीक फिल्टरमधून गाळलं की बॅक्टेरिया वरच अडकावेत. खाली आलं ते स्वच्छ, पिवळसर, कशाचाही मागमूस नसलेलं पाणी. त्याचे थेंब ई. कोलायबरोबर पातळ आगरमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पदार्थात, मिसळून प्लेटवर ओतायचे. माझी पहिली प्लेट फसली, आगर जास्त गरम होतं आणि बॅक्टेरियाच मेले. दुसरी जमली. सकाळी इनक्युबेटर उघडला तर प्लेटवर बॅक्टेरियाचा दुधाळ थर आणि त्या थरात टाचणीच्या डोक्याएवढी आरपार गोल भोकं. त्यांना प्लाक म्हणतात. एकेका भोकाच्या मध्यावर काल रात्री एकच फेज होता. एक! मी त्या दिवशी बावन्न भोकं मोजली आणि मला जाणवलं की मी आत्ता बावन्न अदृश्य गोष्टी बोटाने मोजल्या. मायक्रोस्कोप लागला नाही, काही नाही. जर्नलमध्ये आकडा लिहिताना हात थरथरत होता, खोटं नाही सांगत.

असो, प्रश्नाकडे येते. त्याला बॅक्टेरिया सापडतो कसा?

सापडत नाही. आदळतो. फेजची शेपूट पोहायची शेपूट नव्हे, पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी धक्के देत असतात आणि तो धक्क्याने जिकडे जाईल तिकडे जातो. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर आपण चालत नाही, नेले जातो, तसंच. त्यात तो मातीच्या कणावर आदळतो, भलत्याच जातीच्या बॅक्टेरियावर आदळतो, काही होत नाही, परत सुटतो. कधीतरी ई. कोलायवर आदळतो आणि शेपटीचा लांब पाय पेशीच्या बाहेरच्या एका रेणूत अचूक बसतो. टी-फोर नावाचा फेज घेतला (आकृतीत जो असतो तो हाच) तर तो ओम्पसी नावाचं एक प्रोटीन किंवा बाहेरच्या आवरणातली साखर-चरबीची साखळी पकडतो. ओम्पसी हे बॅक्टेरियाचं स्वतःचं दार आहे, त्यातून बारीकसारीक रेणू आत येतात. लॅम्डा नावाचा दुसरा फेज तर माल्टोज साखर आत घ्यायच्या दारालाच धरतो. म्हणजे बॅक्टेरियाने दार काढून टाकलं तर फेजपासून वाचेल पण ती साखर मिळवणं अवघड होऊन बसेल. कुलूप-किल्ली म्हणतात तसं आहे, फक्त किल्लीला कुलूप माहीत नाही आणि कुलूप तर तिच्यासाठी केलेलंच नाही.

एक पाय बसला तर काही बिघडत नाही, तो सुटूही शकतो. तीन-चार पाय बसले की मात्र खालची चकती, बेसप्लेट म्हणतात तिला, षटकोनी असते ती उघडून ताऱ्यासारखी होते, आखूड पाय खाली येऊन पक्के रुततात, आणि शेपटीवरची बाही एकदम आवळते, निम्म्याहून कमी लांबीची होते. बाही आखडली की आतली कडक नळी खाली दाबली जाते, बाहेरच्या आवरणातून घुसते, नळीच्या टोकाला एक एन्झाइम असतं ते पेशीभित्तिका कापतं, आणि वाट तयार. मुलगा इथे म्हणाला की याला ताकद कुठून मिळते, आत तर बॅटरी नाही. बरोबर प्रश्न. ताकद फेज तयार होतानाच त्या बाहीत भरलेली असते, बटणाची छत्री बंद करताना आपण जोर लावतो ना आणि मग ती बटण दाबलं की आपोआप उघडते, तसं. ज्या बॅक्टेरियात तो फेज बनला त्याने बाही ताणलेल्या अवस्थेत रचून दिली, बटण दाबलं गेलं इथे. आणि डीएनएचंही तेच, टी-फोरचा डीएनए सुमारे १,६९,००० अक्षरांचा, सरळ केला तर डोक्याच्या लांबीच्या जवळजवळ ५०० पट, तो इतका कोंबलेला असतो की आत प्रचंड दाब असतो. काही फेजांमध्ये हा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक दहापट मोजला गेलाय, घरातला कुकर त्यापुढे काहीच नाही. वाट मिळाली की निदान सुरुवातीला तरी तो दाबच डीएनएला ढकलतो.

रिकामी डबी बाहेरच राहते. हे सिद्ध कसं झालं ते मला भयंकर आवडतं. १९५२ मध्ये अल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी फेजच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरस लावला, प्रोटीनला किरणोत्सारी गंधक, बॅक्टेरियावर सोडलं आणि मग सगळं मिश्रण चक्क किचनमधल्या वेरिंग ब्लेंडरमध्ये फिरवलं. चिकटलेल्या डब्या गळून पडल्या. गंधक बहुतेक बाहेर, फॉस्फरस बहुतेक बॅक्टेरियाच्या आत, आणि पुढची पिढी आतूनच आली. अनुवंशिक माहिती डीएनएत असते हे पटायला जगाला हा मोठाच पुरावा मिळाला.

आता आत काय होतं. मुलाच्या वहीत पुढची आकृती होती ती अशी की बॅक्टेरियाच्या पोटात छोटे छोटे फेज पोहतायत. ही आकृती सगळ्या पुस्तकांत असते आणि मला तिचा राग येतो, कारण त्यामुळे वाटतं फेज आत शिरला आणि पिल्लं घालायला लागला. खरी गोष्ट जास्त विलक्षण आहे. गस डोअरमन नावाच्या शास्त्रज्ञाने काय केलं, फेज शिरलेले बॅक्टेरिया दर काही मिनिटांनी मुद्दाम फोडून पाहिले की आत किती फेज आहेत. पहिली दहा-बारा मिनिटं उत्तर: शून्य. जो शिरला तोसुद्धा नाही! फोडलेल्या पेशीतलं पाणी दुसऱ्या बॅक्टेरियावर टाकलं तर एक प्लाक येत नाही. या काळाला इक्लिप्स म्हणतात, ग्रहण. फेज म्हणून जी वस्तू होती ती त्या वेळी जगात अस्तित्वातच नाही, फक्त सूचना आहेत, आणि त्या सूचना वाचणारा आहे बॅक्टेरिया.

हे मुलाला पटायला वेळ लागला. त्याने दोनदा विचारलं, म्हणजे फेज मेलेला असतो का? मी म्हटलं मेला म्हणायला आधी जिवंत ठरवावं लागेल, ते सोड. आजीचा पुरणपोळीचा कागद तू घेऊन गेलास शेजारी, शेजारणीने तिची डाळ, तिचा गूळ, तिचा गॅस वापरून पोळ्या केल्या, त्या वेळात आजी कुठे होती त्या घरात? कुठेच नाही, पण पोळ्या आजीच्या झाल्या. बॅक्टेरियाचा आरएनए पॉलिमरेज नावाचा एन्झाइम डीएनए वाचतो, समोर आलेला धागा कोणाचा आहे हे त्यालाही कळत नसतं. सुरुवातीची प्रोटीन्स बनतात ती त्या पॉलिमरेजलाच चिकटून त्याला फेजच्या जीन्सकडे वळवतात. दुसरी काही एन्झाइम्स बॅक्टेरियाचा स्वतःचा डीएनए कापून त्याचे तुकडे करतात आणि फेजचा डीएनए काही प्रमाणात त्याच तुकड्यांतून उभा राहतो. मग त्या कात्र्या फेजचाच डीएनए का कापत नाहीत? कारण टी-फोरच्या डीएनएत सायटोसिन या अक्षराऐवजी (डीएनएच्या चार अक्षरांपैकी ते एक) त्याचंच एक बदललेलं रूप असतं, वर ग्लुकोज लावलेलं. कात्रीला फक्त साधं सायटोसिन ओळखता येतं. इथेही कोणी ओळखत नाही, बसतं किंवा बसत नाही.

मग भाग तयार होतात, डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, लांब पाय वेगळे, जणू तीन वेगवेगळ्या वर्कशॉप. डोकं रिकामं बनतं आणि त्याच्या तोंडाशी एक मोटर बसते जी डीएनए आत ओढते, सेकंदाला शेकडो अक्षरं. "आता पुरे" हे मोटरला कळतं कसं? गिरणीत डबा घेऊन गेलो की गिरणीवाला काय करतो, पीठ मोजत नाही, डबा भरला की हात थांबवतो. टी-फोरचा डीएनए आत एकामागे एक जोडलेल्या लांबलचक दोरीसारखा तयार झालेला असतो, मोटर डोकं गच्च भरेपर्यंत ओढते आणि तिथे कापते. एका पूर्ण प्रतीपेक्षा थोडं जास्तच मावतं, त्यामुळे प्रत्येक फेजच्या डीएनएच्या दोन टोकांना तोच मजकूर थोडा परत येतो. डबा भरणं हेच मोजमाप. मला हे कळलं तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले होते, इतकं ते साधं होतं.

आणि फोडायची वेळ? होलिन नावाचं प्रोटीन बॅक्टेरियाच्या आतल्या पडद्यात गुपचूप साठत जातं, काही होत नाही, काही होत नाही, आणि एका ठरावीक दाटीला पोचलं की एकदम भोकं पडतात. त्या भोकांतून एंडोलायसिन नावाचं एन्झाइम बाहेर पडून भिंत कापतं आणि पेशी फुटते. ३७ डिग्रीला साधारण अर्ध्या तासात सगळं उरकतं आणि शंभर-दोनशे टी-फोर बाहेर पडतात. परत धक्के खायला. माझ्या प्लेटवरचं एकेक भोक म्हणजे हाच अर्धा तास रात्रभर पुन्हा पुन्हा झालेला.

इथपर्यंत मुलगा खूश होता. मग मी त्याला लॅम्डा सांगितला आणि सगळं परत अवघड झालं.

लॅम्डा १९५१ मध्ये एस्थर लेडरबर्गला सापडला, ई. कोलायच्या अशा जातीत जी वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवली जात होती आणि आत व्हायरस आहे याचा कोणाला पत्ता नव्हता. कारण लॅम्डा दरवेळी फोडत नाही. तो आपला डीएनए बॅक्टेरियाच्या डीएनएत शिवून टाकतो आणि गप्प बसतो, बॅक्टेरिया दुभंगला की त्याचीही प्रत निघते, पिढ्यान् पिढ्या. सी-वन म्हणून ओळखलं जाणारं एक रिप्रेसर प्रोटीन बाकीच्या जीन्सवर बसून त्यांना बंद ठेवतं. पुढे कधी बॅक्टेरियाच्या डीएनएला इजा झाली, अल्ट्राव्हायोलेट किरणांनी वगैरे, की रेकए नावाचं प्रोटीन जागं होतं आणि त्याच्या संगतीत रिप्रेसर स्वतःच तुटतो, जीन्स मोकळ्या होतात, फेज बनून बाहेर. मुलगा लगेच म्हणाला, जहाज बुडायला लागलं की उंदीर पळतात तसं! ऐकायला छान आहे पण नाही रे, उंदराला पाणी दिसतं. इथे बॅक्टेरियाची स्वतःची धोक्याची घंटा आहे, ती त्याच्या स्वतःच्या दुरुस्तीसाठी वाजते, आणि रिप्रेसरचा आकार असा आहे की त्या घंटेने तोही तुटतो.

सुरुवातीला फोडायचं की गप्प बसायचं हेसुद्धा सीटू नावाच्या एका नाजूक प्रोटीनवर बरंच अवलंबून असतं. बॅक्टेरिया खाऊनपिऊन मजेत असेल तर त्याची एन्झाइम्स सीटूला पटकन तोडतात आणि फेज फोडायच्या वाटेला लागतो. उपाशी असेल किंवा एकाच पेशीत एकदम बरेच फेज शिरले असतील तर सीटू टिकतं आणि तो गप्प बसतो.

गप्प बसलेले फेज निरुपद्रवी असतात असं मात्र समजू नका. हा मुलगा रोज हाफकिन इन्स्टिट्यूटवरून जातो, परळमध्ये राहून कोण जात नाही. वाल्देमार हाफकिनने १८९७ मध्ये मुंबईतल्या प्लेगच्या वेळी लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली हे त्याला माहीत होतं, त्याआधी तो कोलकात्यात कॉलऱ्याच्या लसीवर काम करत होता हे नव्हतं. तर कॉलरा. १९५९ मध्ये कोलकात्यातच शंभूनाथ डे यांनी दाखवलं की कॉलऱ्याचा बॅक्टेरिया एक विष बाहेर सोडतो आणि त्याने आतड्यात पाणी साठत जातं. आणि १९९६ मध्ये अमेरिकेत वाल्डोर आणि मेकालानोस यांनी दाखवलं की त्या विषाचे जीन्स बॅक्टेरियाचे मूळचे नाहीतच, ते एका फेजचे आहेत. धाग्यासारखा फेज, पेशी फोडतही नाही, आतून हळूच सुटत राहतो. बॅक्टेरिया आतड्यात वस्ती करायला जे केसासारखे तंतू काढतो त्यांनाच धरून हा आत येतो. म्हणजे ज्या रोगाने आपल्याकडे गावंच्या गावं ओस पडली त्याचं विष मुळात व्हायरसने बॅक्टेरियाला दिलेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

आणि याच कॉलऱ्याची दुसरी बाजू आमच्या देवघरात आहे. आजीने काशीहून आणलेला गंगाजलाचा सीलबंद गडू. १८९६ मध्ये अर्नेस्ट हॅन्किन नावाच्या आग्र्यातल्या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे बॅक्टेरिया काही तासांत मरतात, बारीक फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यातही मरतात, पण पाणी उकळलं की ती शक्ती जाते. ते फेजच होते का याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे आणि यावरून कोणी गंगेचं पाणी तसंच पिऊ नये. पण पुढे १९२७ मध्ये द'एरेल स्वतः भारतात येऊन कॉलऱ्याच्या रोग्यांना फेज पाजून बघत होता, ते मात्र नक्की. एकच बॅक्टेरिया, एका फेजने त्याला विषारी केलं आणि दुसरा त्याला फोडतो. आजीला हे सांगितलं तर तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, मग दोघांचं भांडण लावून द्या की. अगदी तेच तर लोक करायचा प्रयत्न करतायत, ज्या इन्फेक्शनवर एकही अँटिबायोटिक चालत नाही तिथे, पण तो विषय मोठा आहे, परत कधीतरी सविस्तर लिहीन.

शेवटी मुलाने मला गाठलंच. मी त्याला सांगितलं की २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या टीमने बॅसिलस नावाच्या बॅक्टेरियाचा एक फेज शोधला, तो प्रत्येक पेशीत एक चिमुकलं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनसारखाच पण अगदी छोटा तुकडा, बनवून बाहेर सोडतो, सहा अमायनो आम्लांचं. आसपास बरेच बॅक्टेरिया फुटले असतील तर ते पेप्टाइड दाट होतं, पुढचे बॅक्टेरिया ते आत घेतात, आणि मग त्यांच्यात शिरणारे फेज फोडत नाहीत, गप्प बसतात. तो उठून उभाच राहिला. म्हणजे ते एकमेकांना सांगतात! आता बॅक्टेरिया थोडेच उरलेत, जपून! म्हणजे कळतंच की!

मी पेप्टाइड एका प्रोटीनला चिकटतं आणि ते प्रोटीन डीएनएवरून सुटतं वगैरे समजावत राहिले, पण माझा आवाज आधीसारखा ठाम नव्हता. कळतं म्हणायचं की नाही, मला सांगता आलं नाही.

जाताना त्याने वही परत उघडली आणि खोडरबर मागितला. पहिल्या दोन आकृत्या तशाच ठेवल्या. तिसऱ्या आकृतीत बॅक्टेरियाच्या पोटात काढलेले सगळे छोटे फेज त्याने एक एक करून खोडले, आतमध्ये फक्त एक वाकडातिकडा धागा ठेवला आणि खाली लिहिलं, "पहिली दहा-बारा मिनिटं, फेज शून्य". सर मार्क कापतील का म्हणून विचारत होता. मी म्हटलं राहू दे, कापले तर मी येऊन बोलते.